आठळ्या आणि सीलचं पिल्लू

शनिवारी मी इथे जपानमध्ये म्हाताऱ्या माणसांच्या डे-केअर सेंटरमध्ये मदतीला जाते. मागच्या खेपेला एका आजींच्या मांडीवर पांढरंशुभ्र पिल्लू होतं. आजी त्याला थोपटत होत्या आणि ते डोळे मिटत होतं.

ते पारो, सीलचं यंत्र-पिल्लू. वजन तान्ह्या बाळाएवढं, पावणेतीन किलोच्या आसपास. चार्जिंगची वायर चोखणीसारखी तोंडात द्यायची. ते बनवणारे संशोधक ताकानोरी शिबाता १९९३ पासून त्याच्यामागे होते. २००९ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने त्याला वैद्यकीय उपकरण म्हणून मान्यता दिली. मांजर न करता सीलच का? मांजर सगळ्यांनी पाळलेलं असतं, नकली लगेच कळतं. सील कोण पाळतंय?

इथे माझं डोकं फिरलं. फसवणूक पकडली जाऊ नये याचीही सोय! ऑस्ट्रेलियातल्या रॉबर्ट आणि लिंडा स्पॅरो यांनी २००६ मध्येच हा आक्षेप घेतला होता: हे यंत्र आपल्यावर माया करतं असं म्हाताऱ्या माणसांना भासवणं अनैतिक आहे. सेंटरचा नियम तर आणखी मजेशीर. आजींनी "हे जिवंत आहे का?" विचारलं तर हो म्हणायचं नाही, नाहीही म्हणायचं नाही. "तुम्हाला काय वाटतं?" असं विचारायचं. खोटं बोललो नाही म्हणून हात झटकून मोकळे.

तावातावाने घरी फोन लावला. आंजर्ल्याला पाऊस कोसळत होता, लाईट गेलेले. मागून आईचा आवाज आला, "हे आले का गो?" वहिनी म्हणाली, "संध्याकाळच्या बोटीने येतायत." मुंबईची बोट बंद होऊन किती वर्षं लोटली, आणि बाबांना जाऊन अकरा.

मी गप्पच झाले.

आई दिवसभर आठळ्या निवडते. मोठ्या एका सुपात, बारक्या दुसऱ्यात. ते काम हातात असलं की शांत असते, नाहीतर कडी काढून समुद्राकडे चालायला लागते. रात्री ती झोपली की वहिनी दोन्ही सुपं पुन्हा एकत्र करते. सकाळी काम तयार! याला फसवणूक म्हणायचं माझ्या जिभेवर येत नाही. आणि आपल्याकडे निदान माणूस तरी असतं शेजारी, हे मी इथल्या मैत्रिणींना छाती फुगवून सांगत आलेय. ते माणूस म्हणजे वहिनी, हे सांगायचं राहून जातं. मी पैसे पाठवते, रोज फोन करते. एवढ्या लांबून आणखी काय करणार?

एक मात्र जपान्यांचं मानलं. स्मृतिभ्रंशाला इथे पूर्वी जो शब्द होता त्यात वेडगळपणाचा वास होता, म्हणून सरकारने २००४ मध्ये तो बदलून 'निन्चिशो' केला. आमच्या वाडीत अजून "म्हातारीला चळ लागलाय" असंच म्हणतात, तेही तिच्यादेखत.

वहिनीला पारोबद्दल सांगितलं. मला वाटलं हसेल. पावसात त्याच्या केसांना बुरशी धरेल, लाईट गेले की मरेल, असं काहीतरी म्हणेल. ती थोडा वेळ काहीच बोलली नाही.

मग म्हणाली, "ताई, ते रात्री जागं राहतं का हो? दोनपासून पाचपर्यंत राहिलं तरी चालेल."