लेकीच्या फिल्मसाठी परवानगीचा कागद : माझा अनुभव

ज्यांची मुलं यंदाच्या सुट्टीत फिल्म मेकिंगच्या शिबिराला जाणार आहेत, त्यांना आधीच सांगतो. मुलांची गोष्ट ठरली की त्याच दिवशी जागेच्या परवानगीचा अर्ज टाका. आमचे कितीतरी दिवस असेच गेले, ते मला अजून सलतात.

माझी मुलगी दहावीची परीक्षा देऊन मोकळी झाली आणि इथे नाशिकला गंगापूर रोडवरच्या तीन आठवड्यांच्या शिबिराला लागली. फी, फोटो, आधारची झेरॉक्स, संमतीपत्र, सगळं एका संध्याकाळी उरकलं. पाच-पाच मुलांचे गट आणि प्रत्येक गटाची पाच मिनिटांची फिल्म, मोबाइलवरच काढायची. हिच्या गटाने गोष्ट निवडली ती गोदावरीच्या घाटावर, रामकुंडावर दोरीला लोहचुंबक बांधून पाण्यातली नाणी काढणाऱ्या मुलाची. स्टीलची एक-दोनची नाणी चुंबकाला चिकटतात, पितळी रंगाचं पाचचं चिकटत नाही, आणि त्याला नेमकं तेच हवं असतं. गोष्ट ऐकली तेव्हाच ठरवलं, ही फिल्म झालीच पाहिजे.

दुसऱ्या आठवड्यात सोमवारी सकाळी मुलं ट्रायपॉड घेऊन घाटावर गेली आणि रखवालदाराने हटकलं, "परवानगी कुठंय?" त्याची चूक नव्हती, विचारणं त्याचं कामच. मुलं परत आली आणि तिथून माझी धावपळ सुरू झाली.

मी सातपूरला फर्स्ट शिफ्टला असतो, साडेतीनला सुटतो. त्याच दिवशी एका कार्यालयात गेलो. हातात पडला तो मोठ्या चित्रपटांचा फॉर्म : निर्मात्याचं नाव, युनिटमधली माणसं, वाहनं, जनरेटर, अनामत रक्कम. म्हटलं, अहो, पाच मुलं आणि एक मोबाइल आहे. "शूटिंग म्हणजे शूटिंग," टेबलावरचे म्हणाले. भरून दिला. बुधवारी सांगितलं, दुसऱ्या कार्यालयाचं ना-हरकत पत्र लागेल. गुरुवारी हाफ डे टाकून तिकडे गेलो, तर तिथे म्हणाले, "जागा त्यांची, आधी त्यांचं पत्र आणा, मग आम्ही देतो." शुक्रवारी पुन्हा पहिल्या ठिकाणी. "नाही, आधी त्यांचं." कुठल्या नियमात आहे ते दाखवा म्हटलं, कुणी दाखवलं नाही. शनिवार-रविवार सुट्टी. सोमवारी साहेब मीटिंगला.

मंगळवारी माझा अर्जच सापडेना. कपाटातले गठ्ठे सोडले, बांधले, पुन्हा सोडले. "तुम्ही दिला होता का नक्की?" असं मला विचारलं. माझ्याकडे पोच नव्हती, कारण पहिल्या दिवशी घाईत मी एकच प्रत दिली होती. बाकड्यावर बसलो होतो तेवढ्यात लेकीचा फोन, "पप्पा, झालं का?" रोज चारच्या सुमाराला हाच फोन यायचा. तिचा गट आठवडाभर गच्चीवर बादलीत नाणी टाकून सराव करत होता. शिबिरातल्या सरांनी जागा बदला असं सुचवलं, तर मुलं ऐकेनात. त्याच सरांनी पहिल्या आठवड्यात त्यांना पांडवलेण्याच्या पायथ्याला फाळके स्मारकावर नेलं होतं. दादासाहेब फाळक्यांचा जन्म आपल्या त्र्यंबकेश्वरचा, 1870 सालचा. 1913 साली मुंबईत पहिला चित्रपट दाखवल्यावर ते नाशिकला आले आणि इथेच त्यांनी पुढचे चित्रपट काढले. त्या गावात पाच पोरांना मोबाइल धरून घाटावर उभं राहायला दोन आठवडे लागावेत, याचा मला त्या बाकड्यावर फार राग आला आणि अजून आहे.

मार्ग दाखवला तो आवक-जावकच्या टेबलावरच्या बाईंनी. "दादा, विषय काय लिहिला होता तुम्ही?" मी सांगितलं, चित्रीकरणास परवानगी मिळणेबाबत. "मग कुणीही ते व्यावसायिकच समजणार." त्यांनी कोरा कागद दिला आणि नव्याने लिहायला लावलं : विद्यार्थ्यांच्या उन्हाळी प्रशिक्षणांतर्गत मोबाइलवर सराव चित्रीकरण करण्यास परवानगी मिळणेबाबत. खाली तारीख, वेळ सकाळी 6 ते 9, पाच विद्यार्थी, एक शिक्षक. ड्रोन नाही, जनरेटर नाही, वाट अडवणार नाही, स्नान करणाऱ्यांचं चित्रण करणार नाही. शेवटी "प्रत माहितीसाठी" म्हणून दुसऱ्या कार्यालयाचं नाव. शिबिराचं शिक्क्याचं पत्र सोबत. दोन्हीकडे एकाच दिवशी दिला आणि दोन्हीकडून पोच घेतली, शिक्का, तारीख आणि आवक क्रमांकासह. आधी कोण हा प्रश्नच मिटला. गुरुवारी सही झाली.

म्हणून सांगतो, काहीही द्या, दोन प्रती न्या आणि आपल्या प्रतीवर शिक्का घेतल्याशिवाय टेबल सोडू नका. सरकारी कार्यालयं शनिवारी बंद असतात, तेही धरून चाला. मुलांना शाळेचं बोनाफाईड लागणार असेल तर एप्रिलमध्येच काढून ठेवा. आम्हाला लागलं नाही, पण शेजारच्या गटातल्या एकाला लागलं आणि शाळेला सुट्टी होती.

शूटिंग शुक्रवारी केलं. बुधवार टाळा, घाटाकडे बाजार असतो. घंटा आणि लाउडस्पीकर यांमुळे संवाद नीट येत नाहीत, ते नंतर शांत खोलीत वेगळे रेकॉर्ड करा. घाटाचा नुसता आवाज मात्र अर्धा मिनिट घेऊन ठेवा, एडिटिंगला फार उपयोगी पडतो. घरातले शॉट ट्यूबलाइटखाली घेतले तर चित्र लुकलुकतं. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची, तेव्हा कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये शटरचा वेग 1/50 सेकंद ठेवा. हे मला लेकीने शिकवलं. पाण्याच्या कडेला एक मोठं माणूस उभं हवंच, आणि धरणातून पाणी सोडलंय का याची आदल्या दिवशी चौकशी करा.

त्या सकाळी तोच रखवालदार होता. लेकीने कागद पुढे केला. त्यांनी चष्मा लावून पूर्ण वाचला, मुलं मोजली आणि आपली खुर्ची उचलून फ्रेमच्या बाहेर नेऊन ठेवली.

हो, कागद प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये ठेवा. घाटावर सगळ्यांचे हात ओले असतात. आमच्या शिक्क्याची शाई एका कोपऱ्यात पसरली, पण आवक क्रमांक वाचता येतो. तो कागद मी जपून ठेवलाय.