तुम्ही विचारलंत म्हणून : गोळ्यांवरून मी डॉक्टरांशी का भांडते

“डॉक्टरांपेक्षा तुम्हाला जास्त कळतं का?” गेल्या सहा वर्षांत हा प्रश्न मला नणंदेनं विचारलाय, पतसंस्थेतल्या सहकाऱ्यांनी विचारलाय, औषधाच्या दुकानदारानं काउंटरपलीकडून विचारलाय आणि दोन डॉक्टरांनीही विचारलाय. हल्ली वजनाचं ऑपरेशन ठरलेल्या बायका माझा नंबर मिळवून फोन करतात. अर्धा तास बोलून झालं की त्याही हळूच म्हणतात, “ताई, तुमचं डॉक्टरांशी पटत नाही म्हणे?”

ऑपरेशन का केलं, किती किलो उतरले, आधी कशी होते, हे निम्म्या साताऱ्याला माहीत आहे. ते सोडते. गोळ्यांचं तेवढं सांगते.

नाही, मला डॉक्टरांपेक्षा जास्त कळत नाही. मी बीकॉम झालेली बाई, हिशेब बघते. पण माझं पोट आता तुमच्यासारखं नाही. माझं वजनाचं ऑपरेशन ‘स्लीव्ह’ प्रकारचं, त्यात जठराचा जवळजवळ तीन चतुर्थांश भाग काढून टाकतात. उरलेल्या नळीत आम्ल कमी तयार होतं, आणि बी-ट्वेल्व्ह शोषायला लागणारा घटकही कमी तयार होतो. म्हणून चिठ्ठीवर कॅल्शियम सायट्रेट असताना दुकानदारानं “एकच असतं हो” म्हणत कार्बोनेट पुढे केलं, तर मी ते परत करते. कार्बोनेटला आम्ल लागतं, सायट्रेटला तेवढं लागत नाही. एका वेळी ५०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त कॅल्शियम घेऊन फारसा उपयोग नाही, आणि लोहाच्या गोळीत नि त्यात दोन तासांचं अंतर हवं. चहा तर लोहाच्या आसपासही नको. हे सगळं मला पुण्याच्या डाएटिशियन मॅडमनी शिकवलं. मी माझं काही काढलेलं नाही.

सगळ्यात जास्त वाद एका वाक्यावरून होतात. “रिपोर्ट नॉर्मल आलाय, आता गोळ्या बंद करा.” गोळ्या चालू आहेत म्हणून तो नॉर्मल आलाय! बीपीच्या पेशंटला कुणी असं सांगतं का? हे मी आवाज चढवून बोलते, हे मान्य. चढवायला नको, हेही मान्य. पण तो आवाज कुठून येतो ते सांगितल्याशिवाय तुम्हाला कळणार नाही.

२०१९च्या ऑगस्टमध्ये पुण्याला ऑपरेशन झालं. डिस्चार्जच्या दिवशी मॅडम गोळ्यांचा तक्ता समजावत होत्या आणि मी त्यांना म्हणाले होते, “मॅडम, शुगरच्या, बीपीच्या गोळ्या सुटाव्यात म्हणून तर ऑपरेशन केलं. आता ह्या जन्मभर?” त्या वेळी मी दुसऱ्या बाजूला होते. आज जे डॉक्टर मला गोळ्या बंद करा म्हणतात, त्यांच्यापेक्षाही कट्टर. माणूस अन्नावर जगतो, चौरस जेवलं की झालं, हे माझं मत होतं. वाटीभर वरणाच्या पाण्यावर दिवस काढत असताना माझं हे मत होतं.

पाचव्या आठवड्यापासून उलट्या सुरू झाल्या. आधी घट्ट काही खाल्लं की, मग ताक, मग पाणीसुद्धा. नळी एका ठिकाणी अरुंद झाली होती, पण ते नंतर कळलं. घरचे म्हणाले, ऑपरेशननंतर असं होतंच. सासूबाईंनी साळीच्या लाह्यांचं पाणी दिलं, तेही राहिलं नाही. तीन आठवडे असे गेले.

मग एका रात्री यांनी मला गाडीत घालून आमच्या गावातल्या एका हॉस्पिटलात नेलं. डेंग्यूचे दिवस होते, वऱ्हांड्यातही खाटा टाकलेल्या. आरएमओ, म्हणजे हॉस्पिटलातला निवासी डॉक्टर, पंचविशीचा असेल, डोळे लाल झालेले. त्यानं नाडी पाहिली, बीपी पाहिलं, जीभ पाहिली. यांना विचारलं, “दारू वगैरे?” यांनी मान हलवली. केस पेपरवर लिहिलं, आणि सिस्टर ग्लुकोजची बाटली घेऊन आल्या.

मला मॅडमच्या तक्त्याची शेवटची ओळ आठवत होती, लाल शाईनं अधोरेखित केलेली. ‘सतत उलट्या होत असतील तर ग्लुकोजचं सलाईन लावण्याआधी थायमिनचं इंजेक्शन घेणे.’ थायमिन म्हणजे बी-वन. शाळेत सगळ्यांनी पाठ केलंय, ब-१ च्या अभावी बेरीबेरी. पाठ करताना कुणी सांगितलं नव्हतं की शरीरात त्याचा साठा उणापुरा तीस मिलिग्रॅम असतो आणि पोटात काही राहिलं नाही तर दोन-तीन आठवड्यांत तो संपतो. बी-ट्वेल्व्ह यकृतात वर्षानुवर्षं पुरतं, हे तसं नाही. आणि साखर जाळायला शरीराला बी-वन लागतं. साठा संपत आलेला असताना शिरेतून साखर सोडली की उरलंसुरलं तिच्यापायी खर्ची पडतं आणि मेंदूला काही उरत नाही.

हे एवढं मला तेव्हा सांगता येत नव्हतं. मी इतकंच म्हणाले, “आधी बी-वन द्या, मग सलाईन.” तक्ता घरी कपाटात होता. आरएमओ चिडला नाही, हे मला मुद्दाम सांगायचंय. तो म्हणाला, “आधी पाणी भरून काढू, व्हिटॅमिनचं सकाळी बघू.” मी पुन्हा म्हणाले. तेव्हा सिस्टरांनी माझ्या हातावर हात ठेवला. “ताई, ग्लुकोजनं कधी कुणाचं वाईट झालंय का?”

मला तेव्हा याचं उत्तर देता आलं नाही. लहानपणापासून आपण तेच बघत आलोय. अशक्तपणा आला की ग्लुकोज. पाहुणा दवाखान्यात भेटायला येताना ग्लुकोजच्या पावडरीचा डबा आणतो. मी हात पुढे केला. रात्रीतून दोन बाटल्या गेल्या.

पहाटे मावशींच्या आधारानं बाथरूमला निघाले तर पाय कुठे पडतोय ते कळेना. भिंत धरली ती दोन-दोन दिसायला लागली. मावशी म्हणाल्या, अशक्तपणा आहे. सकाळच्या राउंडला सांगितलं तर तेही म्हणाले, अशक्तपणा आहे, आणि तिसरी बाटली लावली. यांनी मला काहीतरी विचारलं आणि मी भलतंच उत्तर दिलं, असं हे सांगतात. मला आठवत नाही. तेव्हा यांनी पुण्याला फोन लावला. पलीकडून आवाज इतका मोठा आला म्हणे, की शेजारच्या खाटेवरचा माणूस उठून बसला. “सलाईन काढा, मिळत असेल तर आत्ता थायमिन द्या, नाहीतर आहे तशी निघा.”

इंजेक्शन तिथल्या दुकानात नव्हतं. आम्ही निघालो. त्या प्रवासातलं एकच मला लख्ख आठवतं, खंबाटकीच्या बोगद्यातले दिवे. प्रत्येक दिव्याशेजारी दुसरा दिवा. मी डोळे मिटून घेतले, कारण उघडे ठेवले की भीती वाटत होती.

पुण्यात पोचताक्षणी इंजेक्शन सुरू झालं, ५०० मिलिग्रॅम, दिवसातून तीनदा, ग्लुकोज नसलेल्या साध्या सलाईनमधून. दुसऱ्या संध्याकाळी वरचे दोन पंखे सरकत सरकत एक झाले. मी रडले. अरुंद झालेली जागा नंतर फुगा घालून रुंद केली, उलट्या थांबल्या. चाल सुधारायला चार महिने गेले. तळपायाच्या मुंग्या आजही आहेत.

बी-वन कमी पडून मेंदूला होणाऱ्या या आजाराला वेर्निकेचं नाव आहे. कार्ल वेर्निके या जर्मन डॉक्टरनं १८८१ मध्ये तीन रुग्णांचं वर्णन केलं. दोन दारू पिणारे पुरुष होते. तिसरी शिवणकाम करणारी तरुण बाई, आम्ल पोटात जाऊन जठर जळलेली आणि मग सतत उलट्या होणारी. पुढे मात्र हा दारुड्यांचा आजार म्हणूनच लोकांच्या डोक्यात बसला. त्या रात्री आरएमओनं दारूचं विचारलं, म्हणजे त्याच्या डोक्यात कुठेतरी ते आलं असणार. उत्तर ‘नाही’ मिळालं आणि तो पुढे गेला. त्या तिसऱ्या बाईची मला फार आठवण येते. तीही पहिल्यापासून यादीत होती.

तर अशी मी भांडायला लागले. पर्समध्ये आता कार्ड असतं, तीच ओळ, ठळक अक्षरात.

पण प्रत्येक वेळी मीच बरोबर होते, असं नाही. केस मुठी-मुठीनं गळत होते तेव्हा कुणाला न विचारता मी रोज १० मिलिग्रॅमची बायोटिनची गोळी सुरू केली. पुढे थायरॉइडची तपासणी झाली, थायरॉइडला कामाला लावणारा टीएसएच फार कमी आला. डॉक्टर म्हणाले, थायरॉइड जास्त काम करतोय. मी म्हणाले, तुमची लॅबच चुकीची आहे, आणि तिथे बराच तमाशा केला. लॅब प्रामाणिक होती. जास्त डोसच्या बायोटिननं काही पद्धतींच्या रक्ततपासण्यांचे आकडे खोटे येतात. आठवडाभर गोळी थांबवून पुन्हा रक्त दिलं तर आकडा जागेवर. मी ती गोळी चालू असल्याचं त्यांना सांगितलंच नव्हतं. या डॉक्टरांची मी नंतर जाऊन माफी मागितली.

आणि बी-ट्वेल्व्ह. दोन वर्षांपूर्वी आकडा २३० आला. रिपोर्टवर खालची मर्यादा २००. आमचे फॅमिली डॉक्टर म्हणाले, नॉर्मल आहे, मुंग्या जुन्याच आहेत. मी म्हणाले, एवढ्या काठावरचा आकडा माझ्यासारखीला नॉर्मल कसा? पेशींच्या पातळीवर कमतरता असू शकते. त्यांनी शेवटी दर महिन्याचं लाल इंजेक्शन लिहून दिलं, माझ्यासाठी कमी आणि मला बाहेर काढण्यासाठी जास्त. दोन वर्षं घेतेय. आकडा भरपूर वर गेला. मुंग्या आहेत तशाच आहेत. मग ते बरोबर होते का? कदाचित. इंजेक्शन घेतलं नसतं तर मुंग्या गुडघ्यापर्यंत चढल्या असत्या का? तेही कदाचित. मी इंजेक्शन बंद करणार नाही.

त्या रात्रीबद्दलही असंच. ग्लुकोजमुळे झालं का, हे मी पुण्याच्या मेंदूच्या डॉक्टरांना तीनदा विचारलं. ते म्हणाले, आधीच सुरू झालेलं असू शकतं, ग्लुकोजनं ते वेगानं झालं असू शकतं, छातीठोक कुणी सांगणार नाही. मला छातीठोक हवं होतं. मला एक माणूस हवा होता, त्याच्यामुळे झालं म्हणायला.

आता जे आजवर कुणाला सांगितलं नाही ते सांगते, यांनाही नाही. तक्त्यातली चघळायची मल्टिव्हिटॅमिन गोळी, तिच्यातही बी-वन होतं, मी दुसऱ्याच आठवड्यात सोडली होती. तिच्या वासानं मळमळायचं, आणि मनातून ती पटलेलीच नव्हती. साठ गोळ्यांच्या डबीतल्या मी अकरा खाल्ल्या. आणि त्या रात्री केस पेपर लिहिताना आरएमओनं विचारलं होतं, “ऑपरेशनवाल्यांनी दिलेली व्हिटॅमिनं चालू आहेत ना?” शेजारी हे उभे होते. मी म्हणाले, “हो, रोज.” त्याच तोंडानं दोन मिनिटांनी म्हणाले, आधी बी-वन द्या. त्यानं माझं कुठलं वाक्य धरायचं?

लगेच माझ्याच मनातून उत्तर येतं. गोळ्या चालू असत्या तरी उलटीत गेल्या असत्या. तीन आठवड्यांच्या उलट्या म्हटल्यावर कुणालाही न विचारता इंजेक्शन द्यायचं असतं. त्यानं काही बिघडत नाही, खर्च किरकोळ. हे खरं आहे. मी ‘हो’ म्हणाले, हेही खरं आहे. सहा वर्षं ह्या दोन गोष्टी माझ्या डोक्यात भांडतायत.

चालायला लागल्यावर, पुढच्या फेब्रुवारीत, मी त्या हॉस्पिटलात गेले होते. तक्त्याची झेरॉक्स आणि पुण्याचं डिस्चार्ज कार्ड घेऊन. चार वाक्यं पाठ करून गेले होते. आरएमओ एमडीला प्रवेश मिळून निघून गेला होता. त्या सिस्टर भेटल्या. त्यांनी ओळखलं, खुर्ची दिली, लाल ओळ दोनदा वाचली, आणि झेरॉक्स नीट घडी करून ड्रॉवरमध्ये ठेवली. म्हणाल्या, “सर फार दिवस मनाला लावून बसले होते ताई. सारखं म्हणायचे, पेशंटच्या गोळ्या तर चालू होत्या, मग बी-वन कमी पडलं कसं?”

मग माझ्याकडे बघून त्यांनी विचारलं, “चालू होत्या ना?”

मी पुन्हा हो म्हणाले.