ब्रोशरमधला विषय, वेळापत्रकातला विषय

‘मॅम, अकॅडेमिक्सकडून मेल येईल तुम्हाला.’ हे वाक्य मी जून महिन्यात इतक्यांदा ऐकलं की झोपेतही ऐकू यायला लागलं. एका खासगी कॉलेजला माझा प्रश्न साधा होता. तुमच्या ब्रोशरमध्ये ‘इम्पॅक्ट फायनान्स’, म्हणजे समाजाच्या भल्यासाठी पैसा लावण्याचा विषय आहे. तो गेल्या वर्षी खरंच शिकवला का, आणि किती मुलांना?

आधी हे खूळ डोक्यात कुठून आलं ते सांगते. डोंबिवलीत आईच्या बचत गटाचं रजिस्टर आमच्याच कपाटात असतं. बी.कॉम. झाल्यावर दोन वर्षं मी एका ऑडिट फर्ममध्ये व्हाउचरं तपासली, पण जीव रमायचा तो रविवारी त्या रजिस्टरचा ताळा जमवताना. एका पानावर ‘शिलाई मशीन, १२,०००’ असं लिहिलंय. पुढे हप्त्यांसमोर पहिले तीन अंगठे, आणि चौथ्यापासून वाकडी का होईना, सही. बचत गट बँकेशी जोडायचा प्रयोग नाबार्डने १९९२ मध्ये सुरू केला. तेव्हाचं ते काम आमच्या कपाटापर्यंत पोचलं, आणि मला त्याच बाजूची नोकरी हवी होती. म्हणून फायनान्समध्येच पदव्युत्तर शिक्षण घ्यायचं ठरवलं. सीईटी नीट गेली, कागदपत्रांचीही कुठे अडचण आली नाही.

अडचण आली ती अंधेरीत. तिथल्या एका खासगी कॉलेजचं ब्रोशर बघून मी भाळले आणि सीट धरून ठेवायला पन्नास हजार भरून मोकळी झाले. हे करू नका. आधी प्रश्न, मग पैसे.

पहिल्या भेटीत कौन्सेलर खूप गोड बोलला. मी सोशल स्टॉक एक्स्चेंजबद्दल, म्हणजे सामाजिक संस्थांना निधी उभारता यावा म्हणून शेअर बाजारात असलेल्या विभागाबद्दल विचारलं, तर म्हणाला, ‘हो हो, रिटर्न्स छान आहेत तिथे.’ आता तिथे सामाजिक संस्था जे रोखे काढतात, त्यांत व्याज मिळत नाही आणि मुद्दलही परत येत नाही. तो देणगीचाच प्रकार, फक्त हिशेब चोख. त्या एक्स्चेंजवर पहिल्या संस्थेचे रोखे लिस्ट झाले डिसेंबर २०२३ मध्ये, आणि ब्रोशरात मात्र ‘या क्षेत्रातला दशकभराचा अनुभव’! तिथेच शंका यायला हवी होती.

मग मेल, फोन, परत मेल. तिसऱ्यांदा गेले तेव्हा ऑफिसातून अर्धा दिवस सुट्टी काढली होती. डोंबिवलीहून घाटकोपर, तिथून मेट्रो, छत्री कुठेतरी राहिली. दीड तास काचेच्या केबिनबाहेरच्या सोफ्यावर बसले. शेवटी तिथले शिपाईकाका हळूच म्हणाले, ‘ताई, इथे बसून काय होणार? वर तिसऱ्या मजल्यावर बोर्ड बघून या.’

बोर्डावर गेल्या वर्षीचं वेळापत्रक तसंच टाचलेलं होतं. बुधवार, तीन ते सहा: ‘इम्पॅक्ट फायनान्स’. त्यावर निळ्या पेनाने काट मारून वर लिहिलं होतं, ‘वेल्थ मॅनेजमेंट’, म्हणजे पैसेवाल्यांची गुंतवणूक सांभाळणं. कँटीनमध्ये दुसऱ्या वर्षाची एक मुलगी भेटली. ती म्हणाली, ‘किमान वीस जण लागतात, आम्ही सहाच होतो.’ महिनाभर मला जे कुणी सांगत नव्हतं, ते चहा संपायच्या आत कळलं.

फी परत मिळवण्याचं सांगते. एआयसीटीई, म्हणजे तंत्र आणि व्यवस्थापन शिक्षणावर देखरेख करणारी केंद्रीय परिषद, तिची मान्यता असलेल्या कॉलेजात अभ्यासक्रम सुरू व्हायच्या आधी प्रवेश रद्द केला, तर हजार रुपयांपेक्षा जास्त कापता येत नाहीत. प्रवेश रद्द करायच्या अर्जात मी हे लिहिलं, पोच म्हणून शिक्का मारून घेतला, आणि मग कुणी गोड बोललं नाही.

बाबांचं म्हणणं होतं, कर्ज काढ, प्राप्तिकराच्या ८०-ई कलमाखाली व्याजाची वजावट मिळते. मिळते, पण जुन्या करप्रणालीत. आणि वजावटीच्या आधी हप्ता बघायचा असतो: दहा लाख, दहा टक्के, सात वर्षं म्हणजे महिन्याला साडेसोळा हजारांच्या वर. तेवढा हप्ता डोक्यावर असताना बचत गटांच्या फेडरेशनमधली नोकरी कोण धरेल? झक मारत वेल्थ मॅनेजमेंटच विकावं लागेल. माझ्या मते कॉलेज निवडताना रँकिंगच्या आधी हा आकडा मांडावा.

हो, आणि प्लेसमेंट रिपोर्टमध्ये सरासरी पगार बघू नका, मीडियन, म्हणजे पगार क्रमाने लावल्यावर बरोबर मधला येणारा आकडा मागा. ‘ईएसजी’ (पर्यावरण, समाज, कारभार) लिहिलेल्या नोकऱ्यांचं कामही विचारा. शेअर बाजाराची नियामक सेबी, तिने २०२२-२३ पासून बाजारमूल्यानुसार पहिल्या हजार लिस्टेड कंपन्यांना बीआरएसआर, म्हणजे जबाबदारी आणि शाश्वततेचा अहवाल सक्तीचा केलाय, त्यामुळे त्यातलं बरंचसं काम तो अहवाल भरायचं असतं. काम वाईट नाही, पण शिलाई मशीनपासून फार लांब.

शेवटी कॅप राउंडमधून, म्हणजे सीईटीच्या गुणांवरच्या सरकारी प्रवेशफेरीतून, दुसऱ्या कॉलेजात एमएमएस हा व्यवस्थापनाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम घेतला, फी अंधेरीच्या जवळपास तिसरा हिस्सा. तिथल्या एका सरांना तोच प्रश्न मेल केला होता. त्याच संध्याकाळी दोन ओळींचं उत्तर आलं: मायक्रोफायनान्स गेल्या वर्षी शिकवला, अकरा विद्यार्थी होते, दोघे पतसंस्थांमध्ये लागले. अकरा हा आकडा काही मोठा नाही, पण खरा होता.

जुलैअखेर खात्यात एकोणपन्नास हजार जमा झाले. ऑगस्टमध्ये, माझी लेक्चर्स सुरू झाल्यावर, अंधेरीहून अकॅडेमिक्सचा तो मेल एकदाचा आला. सोबत ब्रोशर जोडलेलं होतं.