क्लॅम्प लावला, तरी ठोके चालूच

डाव्या मूत्रपिंडाच्या खालच्या टोकाला 3 सेंटिमीटरची गाठ होती. दुर्बिणीतून तेवढीच काढायची, मूत्रपिंड राखायचं, असं ठरलं होतं. हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा जवळपास पाचवा हिस्सा दोन्ही मूत्रपिंडांकडे जातो. त्यामुळे अशा वेळी आधी धमनीला क्लॅम्प, म्हणजे रक्त रोखणारा चिमटा, लावतात. मात्र तो लागला की घड्याळ सुरू. साधारण 25-30 मिनिटांत आटपलं नाही, तर उरलेल्या चांगल्या भागालाही फटका बसू शकतो.

सीटीच्या रिपोर्टमध्ये धमनी एकच होती. ती चरबीतून मोकळी करून क्लॅम्प लावला. कापण्याआधी डॉप्लरचा, म्हणजे ध्वनिलहरी सोडून रक्तप्रवाह ऐकवणाऱ्या यंत्राचा, प्रोब गाठीवर टेकवायचा, हा माझा शिरस्ता. धावत्या रक्तपेशींवरून परतणाऱ्या ध्वनिलहरींची वारंवारता बदलते आणि तो फरक स्पीकरवर ऐकू येतो. शीर असेल तर वाऱ्यासारखी सलग घरघर, धमनी असेल तर ठोके. इथे शांतता अपेक्षित होती. स्पीकरमधून मात्र फुस्... फुस्... फुस्...

"मॅडम, क्लॅम्प नीट बसला नसेल," माझा सहायक डॉक्टर, म्हणजे रजिस्ट्रार, म्हणाला. शंका रास्त होती. प्रोब क्लॅम्पच्या पुढे, धमनीवरच ठेवला. आवाज नाही. म्हणजे क्लॅम्प चोख होता, रक्त दुसरीकडून येत होतं.

आधी क्लॅम्प काढला. शोधाशोधीत मिनिटं कशाला घालवायची? साधारण चारातल्या एकाला मूत्रपिंडाची जास्तीची धमनी असते, त्यामुळे नवल वाटलं नाही. भीती होती ती चरबी सोडवताना ती नकळत कापली जाण्याची. म्हणून चरबीत हात घालण्याआधी महाधमनीच्या कडेने प्रोब खाली सरकवत नेला. एका जागी ठोके एकदम ठळक झाले. तिथली चरबी हलकेच बाजूला केली, तर खालच्या टोकाकडे निघालेली बारीक धमनी दिसली.

गंमत पुढेच आहे. क्लॅम्प फक्त तिलाच लावला आणि प्रोब पुन्हा गाठीवर धरला. गाठीवर शांतता, भोवतालच्या कडेवरही. मुख्य धमनी बंद करायची गरजच उरली नाही! दुसरा क्लॅम्प हाताशी ठेवूनच गाठ काढली, पण तो लागला नाही. कडेला थोडं पाझरलं, ते टाक्यांनी थांबलं.

संध्याकाळी रजिस्ट्रारने सीटीच्या चकत्या पुन्हा उघडल्या. ती धमनी होती तिथेच, दोन-तीन चकत्यांत जेमतेम दिसणारी. बायोप्सीच्या रिपोर्टमध्ये काढलेल्या गाठीच्या कडा साफ आल्या, म्हणजे गाठ पूर्ण निघाली होती. मूत्रपिंडाचं काम कसं चाललंय हे सांगणारं रक्तातलं क्रिएटिनिनही पूर्वीइतकंच राहिलं.