गुडघा आणि दुसरा बाण: विपश्यना शिबिराचा माझा अनुभव

बुद्धाची चार आर्यसत्यं आणि अष्टांगिक मार्ग मला आधीपासून पाठ होते. रोजच्या चिडचिडीवर त्यांचा काडीचा उपयोग होत नव्हता. म्हणून इगतपुरीला धम्मगिरी या केंद्रात विपश्यनेचं दहा दिवसांचं शिबिर केलं. सत्यनारायण गोयंका यांनी ही साधना ब्रह्मदेशात सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे शिकून १९६९मध्ये भारतात शिकवायला सुरुवात केली.

अर्जात मानसिक आजार, चालू औषधं विचारतात. तिथे लपवालपवी करू नका. इतके दिवस गप्प बसलं की आतलं बरंच वर येतं. फी नाही, दानही शिबिर पुरं झाल्यावरच घेतात. मोबाइल, पुस्तकं, वही-पेन जमा होतं. पंचशील घ्यायचं आणि दहाव्या दिवसाच्या सकाळपर्यंत आर्यमौन, म्हणजे खाणाखुणासुद्धा नाहीत. पहाटे चारला घंटा, साडेचारला बैठक, अकराला जेवण, रात्री साडेनऊला झोप. मधे दहाएक तास नुसतं बसणं.

पहिले तीन दिवस आनापान: नाकाशी येणारा-जाणारा श्वास आहे तसा पाहायचा. मोजणी नाही, मंत्र नाही. इथे होणारी चूक म्हणजे आपण नकळत श्वास ‘घ्यायला’ लागतो आणि डोकं जड होतं. श्वास कळेनासा झाला तर चार-दोन श्वास जरा जोरात घ्यावेत आणि लगेच सोडून द्यावं.

चौथ्या दिवशी विपश्यना देतात. डोक्यापासून पायापर्यंत एकेक भाग तपासत जायचं. कुठे काहीच जाणवलं नाही तर मिनिटभर थांबून पुढे. दिवसातल्या तीन सामूहिक बैठकांत आता अधिष्ठान असतं: तासभर हात-पाय हलवायचे नाहीत, डोळे उघडायचे नाहीत.

आणि मग गुडघा. चाळिसाव्या मिनिटाला तो पेटतो. मराठीत वेदना म्हणजे दुखणं, म्हणून आपण फसतो. पालीत वेदना सुखद, दुःखद आणि दोन्ही नसलेलीही असते. नीट पाहिलं तर ‘दुखतंय’ हा एक गोळा नसतो: वाटीच्या आतल्या बाजूला जळजळ, पोटरीत ठोके, खाली बधिरपणा, आणि प्रत्येक क्षणी कमीजास्त. त्याशिवाय वेगळीच एक गोष्ट चालू असते: ‘घंटा का होत नाही?’, आवळलेला जबडा, रोखलेला श्वास. संयुत्तनिकाय या पाली बौद्ध ग्रंथातल्या सल्ल सुत्तात यालाच दुसरा बाण म्हटलंय. पहिला लागतोच, दुसरा आपण मारून घेतो. जबडा सैल सोडला की गुडघा दुखायचा थांबत नाही, पण तास निघतो.

काही जण हे सहनशक्तीची परीक्षा समजून दात-ओठ खात बसतात. दात-ओठ खाणं हाच तर दुसरा बाण. अगदीच असह्य झालं तर सावकाश पाय बदलावा. बसताना बैठकीखाली जाड उशी घेऊन कंबर गुडघ्यांपेक्षा उंच ठेवली की निम्मा त्रास वाचतो. अडलं तर दुपारी बारा ते एक आचार्यांना विचारता येतं. ‘मला सुखद झिणझिण्या का येत नाहीत?’ हा तिथला हमखास प्रश्न. त्यांची ओढ लागली की तीही तृष्णाच.

घरी सकाळ-संध्याकाळ एकेक तास सांगितलेला असतो. संध्याकाळचा तास जेवणाआधी ठेवावा, नंतर बसलं की मान गळते. राग येतो तेव्हा मी आता आधी कानशिलं तपासतो. ती तापलेली कळली, तर पुढचं वाक्य बहुतेक वेळा तोंडातच राहतं. भरल्या लोकलमध्ये मात्र अजून जमत नाही.