इतकी वर्षं कळलं कसं नाही?

पंगतीत मी पोळीला नको म्हटलं की शेजारची बाई आधी विचारते, "डाएट का?" सीलिअ‍ॅक आहे म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला: "अगं बाई, मग इतकी वर्षं कळलं कसं नाही?" तुम्हीही तेच विचारलंत, म्हणून एकदा सविस्तर सांगते.

कळलं नाही, कारण माझं पोट फारसं दुखायचंच नाही. दुखणं एकच, हिमोग्लोबिन ८ च्या वर सरकत नव्हतं. लोहाच्या गोळ्या झाल्या, बीट-खजूर झाले, शेवटी सलाइनमधून लोह चढवलं. चार महिने बरे जायचे, पुन्हा जिना चढताना धाप. डॉक्टर पाळीबद्दल विचारायचे आणि "बायकांना असतंच" म्हणून गोळ्या बदलून द्यायचे. अशी १२ वर्षं गेली. सीलिअ‍ॅकमध्ये गहू, जव, राय या धान्यांतल्या ग्लूटेन नावाच्या प्रथिनामुळे शरीर आपल्याच लहान आतड्यावर उठतं, तिथलं अन्न शोषणारं मखमली अस्तर झिजून सपाट होतं. माझी गोळी पोटात जात होती, अंगी लागत नव्हती.

शिवाय हा उत्तरेकडचा, पोळी-पराठेवाल्यांचा आजार असा समज. उत्तर भारतात तो साधारण शंभरात एकाला असतो, दक्षिणेत पुष्कळ कमी, हे खरंच. पण मी सोलापूरकडची, शाळूच्या भाकरीवर वाढलेली, पुण्यात आल्यावर दोन्ही वेळा पोळी खायला लागले. माझ्या बाबतीत ते नाव कुणाच्या डोक्यात येणार?

आणि मग कळायची वेळ आली तेव्हा मीच घोळ घातला. कुणाच्या तरी सांगण्यावरून तीन महिने गहू सोडला. तरतरी आली, म्हणून हौसेनं रक्ताची टीटीजी तपासणी, म्हणजे या आजारात वाढणारी प्रतिपिंडं मोजणारी, करून घेतली. अहवाल काठावरचा! गहू बंद केला की रक्तातली ती प्रतिपिंडं उतरत जातात, तपासणीला सापडायचं तेच सापडत नाही. नव्या डॉक्टरांनी कपाळाला हात लावला आणि सहा आठवडे रोज पोळी खायला लावली. ते सहा आठवडे मी विसरणार नाही. मग पुन्हा रक्त, मग दुर्बीण आतड्यात घालून तुकडा काढला, तेव्हा शिक्का बसला. म्हणून गोळ्यांना दाद न देणारा अ‍ॅनिमिया कुणाकडे असेल तर मी आता आगाऊपणानं सांगते: आधी टीटीजी करा, तोवर गहू सोडू नका.

निदान झाल्यावर हातात एक कागद मिळाला: "गहू टाळा." बस्स. हिंगाच्या डबीत मैदा असू शकतो, हे त्यावर नव्हतं. मला ते दीड वर्षानं, डबीवरची बारीक अक्षरं चष्म्यातून वाचताना कळलं, तोवर रोजच्या आमटीत चिमूटभर गहू पडतच होता. थालीपिठाच्या भाजणीत गहू, मेतकुटात गहू. खपली चालतो म्हणणारे भेटतात. खपली हाही गहूच, ग्लूटेनसकट. सगळ्यात अवघड निघाली गिरणी. गिरणीवाले काका भले माणूस, "ताई, आधी मूठभर तांदूळ फिरवतो, मग तुमची ज्वारी" म्हणायचे. पण जात्याच्या फटींत, कापडी नळीत, त्यांच्या पांढऱ्या झालेल्या भुवयांतसुद्धा गव्हाचंच पीठ. शेवटी घरघंटी घेतली. आपल्याकडे 'ग्लूटेन-मुक्त' लिहायचं तर किलोमागे २० मिलिग्रॅमच्या आत ग्लूटेन असावं लागतं. त्या हिशोबात काकांची मूठ कुठे बसणार? आहारतज्ज्ञानं पहिल्याच दिवशी अर्धा तास माझ्या स्वयंपाकघरातल्या डब्यांबद्दल विचारलं असतं, तर हे सगळं टळलं असतं.

खायचे हाल नाहीत हो. भाकरी आहे, घावन आहे, आणि एकादशीला तर साबुदाणा, भगर, राजगिरा, माझी चंगळच असते.

हे घराण्यातून येतं. सख्ख्या नात्यात साधारण दहात एकाला निघतं, म्हणून घरच्यांच्या मागे लागले. धाकटीला काहीच त्रास नव्हता, तिचं पॉझिटिव्ह आलं. दादाला थायरॉइड आहे, हाडं ठिसूळ निघालीत, दोन्ही या आजाराच्या जोडीनं दिसणारी, तरी "माझं पोट दगड पचवतं" म्हणून ऐकत नाही. गेल्या भाऊबीजेला ओवाळणीत मी त्याच्याकडे रक्ततपासणीच मागितली. त्यानं पाचशेची नोट ताटात टाकली आणि पुरणपोळी पुढे ओढली.