चवथीची बस आणि दाबोळीचा स्कॅनर

2009 च्या ऑगस्टमध्ये, स्वाइन फ्लूच्या साथीत, गोव्यात फोंड्यातल्या आमच्या फार्मसीत येणारा प्रत्येक जण मास्क नाहीतर टॅमिफ्लू हे फ्लूवरचं औषध मागायचा. मास्क संपलेले. टॅमिफ्लू तेव्हा सरकारी इस्पितळातच मिळे. तरी "कुठून तरी काढून दे गो" म्हणणारे होतेच. मग पुण्याच्या बातम्या वाचून कापूर-वेलचीच्या पुरचुंड्या हुंगायचं खूळ आलं. कापूर मात्र आमच्याकडे भरपूर होता, चवथीसाठी म्हणजे गणेश चतुर्थीसाठी आणून ठेवलेला. तो खपला, आणि त्याने फ्लू थांबत नाही हे मी गल्ल्यावर बसून सांगत राहिले. बाबांना ते फारसं आवडलं नाही.

सगळ्यांचं लक्ष गोव्यातल्या दाबोळी विमानतळाकडे. मे महिन्यात हैदराबादला विमानाने आलेल्या प्रवाशात देशातला पहिला रुग्ण सापडला होता, म्हणून विमानतळांवर तपासणी. पण लागण झाल्यावर लक्षणं दिसायला एक ते चार दिवस जातात, आणि ती दिसायच्या आदल्या दिवसापासूनच माणूस आजार पसरवू लागतो. असा माणूस ताप टिपणाऱ्या स्कॅनरसमोरून आरामात निघून जातो. जुलैपर्यंत विषाणू पुण्यातल्या शाळांमध्ये शिरलाही होता. 3 ऑगस्टला तिथे देशातला पहिला बळी गेला, एक शाळकरी मुलगी.

आणि चवथ होती 23 ला.

आत्या पुण्याची. तिने यावं की नाही यावर आमच्याकडे फोनवर आठवडाभर खल चालला. आई म्हणाली, यंदा राहू दे. बाबा म्हणाले, माटोळी, गणपतीवरची फळापानांची मांडणी, कोण बांधणार? आत्या आली. रातराणीत, रात्रीच्या बसमध्ये, तोंडाला रुमाल बांधून बसली होती म्हणे. पत्रादेवीला, गोव्याच्या सीमेवर, बसमधल्या कुणाला कुणी काही विचारलं नाही. संध्याकाळी गणपतीसमोर वाड्यावरची सगळी माणसं, बंद खिडक्या, बाहेर पाऊस, आणि घुमटांच्या तालावर घसा फोडून आरत्या. फ्लूला याहून चांगली सोय कुठे मिळणार! आमच्या घरात कुणी आजारी पडलं नाही. त्यावरून काहीच सिद्ध होत नाही.

1918 चा इन्फ्लुएंझाही असाच घरी परतणाऱ्यांबरोबर फिरला. जूनमध्ये मुंबई बंदराजवळ पहिले रुग्ण, सप्टेंबरपासून दुसरी, खरी मारक लाट, आणि तिला देशभर नेलं रेल्वेने. एक कोटीहून अधिक माणसं गेली. आजच्या भारताच्या हद्दीतली लोकसंख्या 1911 ते 1921 या दशकात घटली. जनगणनेत तसं पुन्हा कधी झालेलं नाही. गोव्याच्या मुरगाव बंदरापासून घाटावरच्या कॅसलरॉकपर्यंत रूळ तेव्हाही होते, आणि मुंबईत पोट भरणारे गोंयकार तेव्हाही होतेच.

जागतिक आरोग्य संघटनेने ऑगस्ट 2010 मध्ये साथ संपल्याचं जाहीर केलं. विषाणू गेला नाही, नेहमीचा हंगामी फ्लू होऊन राहिला. पावसात तो जोर धरतो. म्हणून साठीच्या पुढच्या, दम्याच्या, मधुमेहाच्या गिऱ्हाइकांना मी मे महिन्यातच सांगते, डॉक्टरांना विचारून लस घ्या, ती अंगी लागायला दोन आठवडे जातात. "आताच? चवथ लांब आहे गो," म्हणतात. मग चवथीच्या आदल्या दिवशी तीच माणसं लस मागायला येतात.